ज्यांना काही झालं नाही

मारोतीला चौघांनी बाजेवर दाबून धरलं होतं, तरी त्याचा उजवा हात सुटला होता आणि हवेत काहीतरी वेचत होता.

"मुंग्या काढा," तो म्हणत होता. "डोळ्यातून निघायल्यात. काढा की हो."

त्याच्या अंगावर एकही मुंगी नव्हती. उपकेंद्राच्या पत्र्यावर एप्रिलचं ऊन तापत होतं आणि खोलीत घामाचा, ओकारीचा, फिनाइलचा वास कोंडला होता. मी त्याच्या दंडाला पट्टी आवळली, शीर धरली आणि डायझेपामचं इंजेक्शन सावकाश आत सोडलं. आकडी थांबवणारं, झोप आणणारं औषध. तेवढ्या मात्रेत धडधाकट माणूस बोलता बोलता मान टाकतो.

मारोतीनं मान टाकली नाही. त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पाणी देता का?"

केंद्रे सिस्टरनं रिकामी कुपी उजेडात धरून पाहिली. "मुदतीतलीच आहे, मॅडम."

"दुसरी भरा."

दुसरी दिली. हात वेचायचा थांबला, थरथर थोडी उतरली. पण तो जागाच होता. छताकडे टक लावून होता.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आंध्रच्या सीमेला लागून असलेल्या भागात माझी वैद्यकीय अधिकारी म्हणून पहिलीच नेमणूक होती. तुमरपल्ली हे आमच्या आरोग्य केंद्राखालचं शेवटचं गाव. आदल्या दिवशी तिथून निरोप आला, की शेतात एका बाईला आकडी आली. मी जीप घेऊन पोचेपर्यंत गल्लीगल्लीत माणसं पडली होती. कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कुणाला भाकरीचा घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, इतका हात कापत होता. एका म्हातारीला कडब्याच्या गंजीवर मेलेला सासरा बसलेला दिसत होता आणि ती त्याच्यासाठी डोक्यावरचा पदर सावरत होती.

मला आधी विहिरीचं पाणी वाटलं. मग ज्वारी. मग मेंदूचा ताप. पण ताप एकालाही नव्हता आणि लहान पोरं उन्हात गोट्या खेळत होती. जास्त बिघडलेली तीन माणसं जीपमध्ये घालून मी तालुक्याला पाठवली. ग्रामपंचायतीचा फोन बंद होता. जीप परत येईपर्यंत मी, केंद्रे सिस्टर आणि औषधांची एक पेटी, एवढंच होतं.

मारोतीचं डोकं त्याच्या आईनं मांडीवर धरलं होतं. नरसव्वा तिचं नाव. उंच, वाळकी, हनुवटीवर गोंदण. नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं शेत कसलं होतं. त्या खोलीत माझ्या आणि सिस्टरच्या हातांखेरीज न थरथरणारे हात तेवढे तिचेच होते, म्हणून सकाळपासून आम्ही तिलाच कामाला लावलं होतं. कुणाचे पाय धर, कुणाच्या तोंडातला फेस पूस.

तिची सून सुमित्रा मात्र उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. ती चौकट घट्ट धरून उभी होती आणि तिच्या बांगड्या चौकटीवर किणकिणत होत्या.

"तिला हात लावू देऊ नका, बाई," ती म्हणाली. "तिनंच केलंय."

"काय केलंय?"

"भानामती."

नरसव्वानं वर पाहिलंसुद्धा नाही. ती पोराच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली.

"स्वतःच्या मुलावर कोण करेल?" मी विचारलं.

"तेच तर. पोटच्यालाबी सोडलं नाही."

मी बाहेर ओट्यावर आले. तिथं पोलीस पाटील निवृत्तीराव बसले होते. मोठ्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. हात थरथरतात हे कुणाला दिसू नये म्हणून.

"पाटील, हे भानामतीचं काय चाललंय?"

"लोक म्हणायलेत." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "दुपार कलली की मारुतीच्या पारावर जमणार. तुम्ही सिस्टरला घेऊन जावा. हे गावाचं काम आहे."

"काय काम?"

ते पाराकडे बघत म्हणाले, "दात पाडतात. दात नसले की मंत्र फुटत नाही तोंडातून. मारत नाहीत, बाई. दातच पाडतात फक्त."

पाराकडे मी पाहिलं. सात-आठ माणसं आधीच सावलीत बसली होती. त्यांत इरबा नावाचा एक जण होता. त्याच्या बायकोला सकाळपासून आमच्या खोलीत आकड्या येत होत्या. तो पाराच्या कडेवर एक पक्कड ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा.

"पण नरसव्वाच का?"

"साऱ्या गावाला झालं. तिला झालं का? बघा की. कशी टणटणीत आहे."

"आणखी कुणाला झालं नाही?"

"पोरांना नाही."

"मोठ्यांत?"

त्यांनी आठवून सांगितलं. शाळेचे मास्तर ठीक होते. मशिदीजवळची दोन-तीन घरं ठीक होती. देवळातले पुजारी जंगम, त्यांना काही नव्हतं. बोलता बोलता त्यांचा डावा हात मांडीखालून सुटला आणि फडफडला. तो त्यांनी पुन्हा दाबला. मला कळत होतं, की नरसव्वा सापडली नसती तर यांच्यातलंच कुणीतरी दुसरं नाव ठरलं असतं. ज्यांना काही झालं नाही त्यांची नावं.

"पाटील, ही माणसं शिंदी पितात?"

"कोण, मास्तर? नाही बा."

"जंगम?"

"छे."

"मशिदीजवळची?"

"त्यांच्यात नाही चालत."

"आणि नरसव्वा?"

पाटील पहिल्यांदा हसल्यासारखे झाले. "ती कशाला पिईल? तिनंच तर दुकान बंद पाडलं. तालुक्याला जाऊन बसली होती कचेरीपुढं. शुक्रवारी साहेब लोक आले, कुलूप ठोकून गेले."

शुक्रवारी. आणि रविवारपासून माणसं पडायला लागली होती.

शिंदीच्या झाडाचा रस त्या भागात बाया-पुरुष बहुतेक सगळेच पितात. सकाळी कामावर जाताना, संध्याकाळी आल्यावर. नुसत्या रसानं कुणाला असं होत नाही. पण मला आमचा जीपचा ड्रायव्हर आठवला. हिवाळ्यात त्यानं याच गावात हौसेनं एक ग्लास घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो जीपच्या मागच्या सीटवर मेल्यासारखा पडून होता. गावातली माणसं तीच शिंदी चार-चार ग्लास पिऊन नांगर धरत होती, आणि त्याला हसत होती.

मी आत गेले. मारोती अजून जागाच होता. दोन कुप्या अंगात घेऊन जागा होता, कारण त्याचं शरीर त्या जातीच्या औषधाला रोज भेटत होतं. कुणीतरी त्याला ते वर्षानुवर्षं पाजत होतं, थोडं थोडं वाढवत. शरीर त्या ओझ्याखाली सरळ उभं राहायला शिकलं होतं. मग एका शुक्रवारी ओझं एकदम काढून घेतलं, आणि सबंध गाव उलट्या बाजूला कोसळलं.

"सिस्टर, डायझेपाम किती उरलंय?"

तिनं पेटी माझ्यापुढे उघडली. एका हाताच्या मुठीत मावेल एवढं होतं. बाहेर अर्धं गाव होतं.

पाराकडून माणसं उठली ती ऊन थोडं उतरल्यावर. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. झोप नसलेली माणसं चालतात तशी चालत आली, एकमेकांना धरून, अडखळत. एकाला वाटेतच आकडी आली. त्याला बाजूला सरकवून बाकीचे पुढे आले. इरबाच्या हातात पक्कड होती.

"बाई, नरसव्वाला भायेर पाठवा."

मी दारात उभी राहिले. सव्वीस वर्षांची होते मी. माझ्या पाठीशी सिस्टरनं नरसव्वाचा दंड धरला होता.

"इरबा, ऐका माझं. ही भानामती नाही. शिंदीत औषध मिसळत होते. झोपेचं. ते बंद झालं म्हणून हे झालंय."

"शिंदी आमच्या बापजाद्यांपासून हाय."

"बापजाद्यांची शिंदी वेगळी होती."

"माझी बायको मरायलीय आत!" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही सुई दिली, काय झालं? काय झालं का सुईनं? हिला भायेर पाठवा. एकदा दात पडले की उतरतंय. माझ्या मामाच्या गावाला उतरलं होतं."

सुमित्रा त्यांच्यात जाऊन उभी राहिली होती. मागून कुणीतरी मारलेला दगड पत्र्यावर वाजला आणि घरंगळत खाली आला.

तेवढ्यात धुरळा उडवत एक जीप आली. मला वाटलं आमचीच. तिच्यातून धुतलेल्या कपड्यांतला एक माणूस उतरला. रामकिशन ठेकेदार. दुकान त्याचं होतं. लोकांनी त्याला वाट करून दिली, काहींनी त्याच्या पायाला हात लावला. जीपमध्ये मागे पांढरे प्लास्टिकचे कॅन होते, तोंडाला ओलं फडकं बांधलेले.

"नमस्कार, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "लोकांना बरं नाही असं कानावर आलं. राहवलं नाही. थोडा माल आणलाय. तुमची परवानगी असेल तर."

मी त्याला खोलीच्या आडोशाला बोलावलं.

"काय घालता यात?"

"झाडाचा रस आहे, बाई. निसर्गाची देणगी."

"मग एक ग्लास प्या माझ्यासमोर."

त्यानं रुमालानं मान पुसली. "मी घेत नाही."

"अर्धा ग्लास."

"सवय नसलेल्या माणसाला सोसत नाही हो ते," तो शांतपणे म्हणाला. आणि आपण काय बोललो हे कळून माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "तुम्ही हुशार आहात. मग हेही कळत असेल, की आत्ता तुमच्या पेटीत जे नाही ते माझ्या जीपमध्ये आहे. दहा मिनिटं थांबतो मी. नाहीतर जातो. ती म्हातारी तुम्हीच सांभाळा."

मी आत गेले. नरसव्वा भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"देऊ नका, बाई," ती म्हणाली. "दोन वर्षं चपला झिजवल्या मी कचेरीत. माझा नवरा ह्याच्यानंच गेला. दात जाऊ द्या माझे. तसेबी किती राहिलेत."

"तुझ्या दातांचंच नाही, नरसव्वा. मारोतीला पुन्हा आकडी आली तर थांबवायला माझ्याकडे पुरेसं काही नाही. हे एकदम तोडलं तर माणूस मरतो."

"मरतो?"

"मरू शकतो."

तिनं मारोतीकडे पाहिलं. तो पुन्हा हवेत बोटं हलवायला लागला होता. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी कॅन उतरवून घेतले. मारोतीची बाज सगळ्यांसमोर ओट्यावर आणायला लावली. स्टीलचा पेला घेतला, अर्धा भरला, आणि माझ्या हातानं मारोतीच्या तोंडाला लावला. आंबूस, गोडसर वास होता. त्यानं तो असा घेतला, जसं तान्हं मूल घेतं.

"आता थांबा," मी लोकांना म्हणाले. "कुणी हलू नका. बघा."

कुणी हललं नाही. इरबानं पक्कड छातीशी धरली होती. माश्या घोंगावत होत्या. रामकिशन जीपला टेकून विडी ओढत होता.

आधी मारोतीचे ओठ थांबले. मग खांदे सैल पडले. मग ते बोट, जे दोन दिवस हवेतून मुंग्या उचलत होतं, ते हळूच बाजेच्या कडेवर टेकलं आणि तिथंच राहिलं. तो कुशीवर वळला आणि त्याला झोप लागली. घोरण्याचा आवाज आला तेव्हा सुमित्रा मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"भानामती असती तर पेलाभर शिंदीनं उतरली असती का?" मी विचारलं.

सगळ्यांचं लक्ष कॅनकडे होतं. निवृत्तीराव सगळ्यात आधी पुढे आले. मांड्यांखालचे हात आता त्यांनी उघडपणे समोर धरले होते, आणि ते इतके कापत होते की पेला मलाच धरावा लागला.

पिऊन झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या. "म्हणजे, बाई," ते सावकाश म्हणाले, "शिंदी बंद झाली म्हणून हे झालं."

"होय."

"आणि बंद कुणी पाडली?"

रांगेतली माणसं वळली. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. इरबा दाराकडे बघत होता. मी पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्याच्या एका हातात पक्कड होती, दुसरा हात इतका थरथरत होता की त्या एका हाताला पेला पेलला नसता. त्यानं पक्कड खाली ठेवली.

संध्याकाळ होईतो गाव शांत झालं होतं. ओट्यावर, पारावर, भिंतींच्या सावलीत माणसं आडवी झाली होती. मी प्रत्येकाला मोजून अर्धा-अर्धा पेला दिला होता. इरबाची बायको झोपली होती. आमची जीप तालुक्याहून औषधं घेऊन आली, तोपर्यंत कॅन रिकामे झाले होते. जाताना रामकिशननं मला हात जोडले.

"तुमचे उपकार विसरणार नाही," तो म्हणाला.

मी शिंदीचा नमुना तपासायला पाठवला, अहवाल दिला, साक्ष दिली. दुकानबंदीला वरून स्थगिती मिळाली आणि दारावर झेंडूचं तोरण लागलं. मी गावात सांगितलं, की हे सोडता येतं, पण हळूहळू. केंद्रातून त्याच औषधाची गोळी न्यायची, दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करायची, कित्येक महिने. सुरुवातीला दहा-बारा जण आले. मग चार. मग फक्त नरसव्वा.

"म्हणजे आता मी रोज माझ्या हातानं त्याला ते द्यायचं," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती.

"रोज. एखाद्या दिवशी दया आली तरी जास्त नाही, आणि राग आला तरी कमी नाही."

तिनं तसंच केलं. गोळीचे तुकडे ती अडकित्त्यानं करायची. मारोतीनं तिला शिव्या दिल्या, एकदा तिच्या अंगावर धावून गेला, एकदा तिच्या पाया पडून आणखी एक तुकडा मागितला. सुमित्रा माहेरी निघून गेली. गाव म्हणायचं, बघा, म्हातारी पोराला रोज काय चारती. दिवाळीनंतर मारोती केंद्रात स्वतः चालत आला, माझ्यासमोर खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बाई, काल काहीच घेतलं नाही. झोप लागली." नरसव्वा दारात उभी होती. ती हसली तेव्हा मी तिचे दात पाहिले. पुढचे सगळे शाबूत होते.

महिन्याभरात ते दोघं शेत बटईनं देऊन तिच्या भावाच्या गावाला गेले. तुमरपल्लीत शिंदी न पिणाऱ्यांना राहणं अवघड झालं होतं.

त्याच थंडीत तुमरपल्लीहून एक बाई तिच्या सुनेचं बाळ घेऊन आली. आठवड्याचंच असेल. सून नववा महिना सरेपर्यंत शिंदी पीत होती, बाळंतपण घरीच झालं होतं. पहिल्या दिवसापासून ते किंचाळत होतं, असं ती म्हणाली. दूध ओढत नव्हतं, हातपाय थडथड उडत होते. मी टॉवेल बाजूला केला. बाळ गाढ झोपलं होतं, मुठी उघड्या टाकून. श्वास मला हवा होता त्याहून हळू चालला होता.

"हे तर शांत आहे," मी म्हणाले.

"आता शांत झालंय." आजीनं अभिमानानं कमरेची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी पांढुरकं काही होतं. "मी घाबरले नाही, बाई. त्या दिवशी ओट्यासमोर मीबी होते की. तुम्ही पाजलं तसंच पाजलं. बोटानं, दोन थेंब."

मी बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि केंद्रे सिस्टरला ऑक्सिजन आणायला सांगितलं.

"आज सकाळी दोनानं भागलं नाही," आजी म्हणाली. "तीन दिले."